पौषात गाय भादरावी का? आधी पहाटे पाठीवर हात ठेवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नमस्कार. आम्ही खटाव तालुक्यातले. गोठ्यात पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, दोन मुऱ्हा म्हशी आणि तीन वासरं आहेत. धारा मी काढते, बाकीचं दीर आणि मी मिळून बघतो. माळावर घर आहे, वारं फार, म्हणून दिवाळीपासून गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधलीय. पण पहाटे धारेला गेलं की गाईंच्या पाठी ओल्या असतात आणि पत्र्यावरून थेंब गळतात. दोन वासरं खोकतात. गाई खांबाला अंग घासतात, दोघींच्या मानेवरचे केस जायला लागलेत. दिरानं मोबाईलवर बघितलं की विलायतेत हिवाळ्यात गुरं गोठ्यात घेतली की पाठीवरचे केस मशीननं काढतात. पुसेगावच्या यात्रेतून त्यानं मशीनच आणलं. मामंजी म्हणतात, ‘पौषात भादरलं तर जनावर गारठून मरंल, मशिनीला हात लावायचा न्हाई.’ म्हशी मात्र त्यांनीच दिवाळी पाडव्याला भादरून घेतल्या होत्या. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मी कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात यात्रा आहे, व्हिडिओ आहे, मामंजींचा राग आहे; पण मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पहाटे गाईंच्या पाठी ओल्या असतात. हे धारेला बसणाऱ्या बाईलाच दिसतं. ऊन वर आल्यावर गोठ्यात डोकावणाऱ्याला तीच पाठ कोरडी दिसते आणि गोठा ठीक चाललाय असं वाटतं. दीर आणि मामंजी केसांवरून भांडतायत, पण दुखणं ओलीत आहे. ती ओल कुठून येते हे आधी बघू, मग मशीनचं ठरवू.

गाय म्हणजे मोठी शेगडी. कोठीपोटात चारा आंबतो तेव्हा उष्णता तयार होते, आणि जितकं दूध जास्त तितकी खुराकाची उष्णताही जास्त. ही उष्णता ती श्वासातून आणि अंगाच्या घामातून बाहेर टाकते. पाच गाई आणि दोन म्हशी रात्रभर एका छपराखाली असल्या की दोन-तीन बादल्या पाणी तरी नुसतं वाफ होऊन हवेत जातं. त्यात शेण-मुताची वाफ वेगळी. ती वर चढते, गार पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं आणि ते पुन्हा गाईच्या पाठीवर पडतं. बाहेर जायला वाट नाही, कारण चारी बाजू तुम्ही ताडपत्रीनं बांधल्यात. तुमची माया खरी आहे, पण गाईच्या मानानं तो गोठा रात्री न्हाणीघर झालाय.

गाईला थंडी किती सोसते याचा अंदाज आपण स्वतःवरून बांधतो, तिथं चूक होते. होल्स्टीनचं मूळ रक्त हॉलंडच्या फ्रिसलँडचं आणि उत्तर जर्मनीचं. साधारण ५ ते २५ अंशांच्या दरम्यान या गाई सुखात असतात. तुमच्या माळावर पौषात रात्री पारा दहा-बारापर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. तो धडधाकट, पोटभर खाल्लेल्या, दूध देणाऱ्या गाईला झेपतो, अट एकच, अंग कोरडं हवं. दाट कोरडे केस आपल्यात हवा धरून ठेवतात आणि तीच गाईची गोधडी. अशा केसांच्या गुराला गोठणबिंदूच्या आसपासची थंडीही निभावते. तेच केस भिजून चिकटले की १५ अंशांच्या आसपासच हुडहुडीची हद्द येते. म्हणजे पारा तोच, गाय तीच, फक्त पाठ ओली झाली आणि मोसम बदलला.

आता विलायतेचं. दिरानं बघितलं ते खोटं नाही, आणि त्यामागं विचारही आहे. ब्रिटन-आयर्लंडमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुरं कुरणावरून आत घेतात ती थेट मार्च-एप्रिलमध्ये बाहेर काढतात. पाच-सहा महिने आतच. तोवर त्यांच्या अंगावर जाड हिवाळी केस आलेले असतात, आणि मोठ्या गोठ्यात दाटीनं राहिल्यावर ती गुरं भर थंडीत घामाघूम होतात. घामट दमट अंग, त्यात उवा, दमट हवेत फुप्फुसाचे आजार. म्हणून आत घेताना मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवर एक पट्टा मशीननं काढतात. उष्णता वर जाते, ती त्या पट्ट्यातून निसटते, घाम वाळतो. तिथले लोकही सांगतात की गोठ्यात हवा खेळत नसेल तर नुसतं भादरून भागत नाही. आणि भादरल्यानं वजन वाढतंच, असंही सगळ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

आपल्याकडं ती गोष्ट जशीच्या तशी का लागू होत नाही, हे दिराला जरूर सांगा, त्याला आवडेल. केस वाढवायचे की गाळायचे हे गुराचं शरीर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला डिसेंबरात दिवस साडेसहा-सात तासांचा उरतो. साताऱ्यात सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. त्यामुळं तिकडच्या गुरासारखी लोकरीची गोधडी आपल्या संकरित गाईच्या अंगावर येतच नाही, थोडे लांब, थोडे राठ केस येतात इतकंच. आपल्या माणदेशच्या खिलारचं तर विचारूच नका. म्हसवड-आटपाडीकडच्या खोंडाच्या अंगावरचे केस इतके बारीक आणि चापून बसलेले की काढायचं काय, हाच प्रश्न. शिवाय आपल्याकडं रात्री दहा अंश असले तरी दुपारी तीसच्या जवळ जातं. एकाच दिवसात दोन मोसम. रात्रीची गोधडी दुपारी नको असते, पण म्हणून रात्रीही काढून ठेवायची नसते.

तेव्हा पहिलं काम ताडपत्रीचं, आणि ते आजच. ज्या बाजूनं वारं झोंबतं त्या बाजूची ताडपत्री ठेवा, पण जमिनीपासून गाईच्या पाठीइतकी, म्हणजे चार-साडेचार फुटांपर्यंतच. बसलेल्या गाईला वारं लागत नाही, एवढाच तिचा उपयोग. त्याच्या वर वळचणीपर्यंत मोकळं सोडा. समोरची बाजू तर पूर्ण उघडी ठेवली तरी चालेल. आढ्याला पत्र्यांच्या मधे वीतभर फट काढता आली तर सोन्याहून पिवळं, त्यावर पावसाळ्यासाठी टोपी बसवता येते, गावातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो. रात्री जेवणं झाल्यावर गोठ्यात एक उदबत्ती लावा, कडब्यापासून लांब, आणि धूर कुठं जातो ते बघा. धूर घुटमळत राहिला तर हवा कोंडलीय. मग वासरं बसतात तिथं खाली बसून दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाकाला मुताचा उग्र वास झोंबला, तर तो अमोनिया आहे आणि तुमची वासरं तो रात्रभर ओढतायत.

खोकल्याकडं त्यामुळंच लगेच बघायला हवं. वासरांच्या बाबतीत माझं सांगणं कडक आहे. ताडपत्री सोडायला एक दिवस लागला तरी चालेल, पण खोकणाऱ्या दोन वासरांना डॉक्टरांना दाखवायला उद्याची सकाळ उलटू देऊ नका. ताप, धाप, नाकातून घट्ट शेंबूड, दूध प्यायला नको म्हणणं, यातलं काहीही दिसलं तर आजच. गावात डॉक्टर येणार नसतील तर १९६२ या क्रमांकावर फोन करा. आणि वासरांना मशीन अजिबात लावायचं नाही. मोठ्या गाईचा हिशेब वासराला चालत नाही. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला १५ अंशांच्या खालीच थंडी वाजायला लागते, कारण त्याचं कोठीपोट अजून चालू झालेलं नसतं, आतली शेगडीच पेटलेली नसते. त्याला कोरडं पाचट किंवा भुसा इतका जाड घाला की बसल्यावर पाय त्यात बुडतील. रात्री अंगावर कोरड्या गोणपाटाची झूल बांधा आणि सकाळी ती उन्हात टाका. ओली झूल बांधण्यापेक्षा न बांधलेली बरी.

आता अंग घासण्याचं. मानेवरचे केस जातायत, गाय खांबाला घासतेय, आणि महिना पौष. माझी पहिली शंका उवांवर आहे. उन्हाळ्यात कातडी तापते तेव्हा उवा कमी होतात, हिवाळ्यात केस लांब आणि हवा दमट, त्यांना तेच हवं असतं. दुपारी गाय उन्हात बांधा, मानेवरचे, वशिंडाजवळचे आणि शेपटीच्या बुडाशी असलेले केस दोन्ही हातांनी फाकवा आणि नीट बघा. बारीक हलणारे ठिपके आणि केसाला चिकटलेल्या लिखा दिसतील. गोचीड असतील तर त्याही तिथंच, कानात, गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली आणि कासेजवळ सापडतील. गोचिडांचं वेगळं सांगतो, त्या नुसतं रक्त पीत नाहीत, थायलेरियासारखे ताप गाईला देतात, आणि संकरित गाईला ते जिवावर बेततं. उवांनी सहसा जीव जात नाही, पण गाय बेचैन राहते, खाणं कमी होतं, दूध उतरतं.

उवांचं औषध डॉक्टरच ठरवतील. त्यांना दोन गोष्टी मुद्दाम विचारा. पहिली, औषध दिल्यावर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही. काही औषधं दुभत्या गाईला चालतच नाहीत. दुसरी, पुन्हा कधी द्यायचं. लिखांवर बहुतेक औषधांचा असर होत नाही, त्या आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात, म्हणून पंधरा दिवसांच्या आसपास दुसरा हात मारावा लागतो. तो दुसरा हात राहतो म्हणूनच ‘औषध लागू पडत नाही’ अशी ओरड होते. आणि गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी द्यायचं, जिला खाज नाही तिलासुद्धा. गुरांच्या उवा माणसावर टिकत नाहीत, त्यामुळं घरात कुणी घाबरू नका.

मानेवरचे केस गोल गोल चकत्यांनी गेले असतील आणि त्यावर राखाडी खपल्या धरल्या असतील, तर मात्र ते गजकर्ण, आणि तिथं मशीनला खरोखरच हात लावायचा नाही. हे मी स्वतःच्या पश्चात्तापातून सांगतोय. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं सांगली जिल्ह्यात गेली. घरी चार कालवडी होत्या. हिवाळ्यात एकीच्या मानेवर गोचीड दिसल्या, म्हणून ओळखीच्या एका गोठ्यातून मशीन मागून आणलं आणि चौघींच्या माना साफ केल्या. मशीन पुसलं, धुतलं नाही. तीन आठवड्यांनी चौघींच्या मानांवर, डोळ्यांभोवती चकत्या उठल्या. पुढं माझ्या मनगटावर एक चकती आली आणि शेवटी माझ्या धाकट्या मुलीच्या गालावर. बुरशीचा आजार आहे तो, गुरांकडून माणसाला होतो आणि पात्यांवर बसून एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो. कालवडी बऱ्या व्हायला अडीच महिने गेले. मुलीच्या गालाचं औषध करताना मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजून घ्याल. तेव्हापासून मशीन कुणाचं आणत नाही, कुणाला देत नाही, आणि एका गाईचं झालं की पाती काढून, केस झाडून, जंतुनाशकात बुडवून, वाळवून, तेल घालून मगच दुसऱ्या गाईला लावतो. तुमच्या दिराचं मशीन वाडीवस्तीवर फिरणार हे मला इथं बसून दिसतंय. नव्या मशीनचं कौतुक सगळ्यांना असतं. पण त्याला नाही म्हणायला शिकवा.

हे सगळं झाल्यावर, ताडपत्री सोडून आठ दिवस जाऊ द्या. रोज पहाटे धारेआधी पाचही गाईंच्या पाठीवर हात ठेवा, केसांच्या मुळापर्यंत बोटं घाला. माझा अंदाज आहे की तीन-चार गाई कोरड्या लागतील. जी अजूनही घामट लागेल, आणि बहुतेक ती तुमची सगळ्यात जास्त दुधाची, अंगानं भरलेली, लांब केसांची गाय असेल, तिच्या पाठीवर पट्टा काढा. एवढ्यापुरतं दिराचं खरं.

पट्टा म्हणजे वशिंडाच्या मागून शेपटीच्या बुडापर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंना मिळून वीतभर रुंद. त्याहून जास्त नाही. कुशी, पोट, मान, छाती यांवरचे केस तसेच राहू द्या. आणि कातडीला लागून गुळगुळीत करायचं नाही, बोटाला केसांचा ब्रश लागला पाहिजे, पाच-सहा मिलिमीटर तरी. दिवस उन्हाचा निवडा आणि वेळ अकरानंतरची, म्हणजे संध्याकाळच्या गारव्याआधी तिला अंगाची सवय होते. नुकती व्यायलेली, आजारी, हडकलेली किंवा व्यायला टेकलेली गाय असेल तर तिचा पट्टा राहू द्या.

मशीन आधी तपासा. माण-खटावात मेंढ्या कातरणारे पुष्कळ, त्यामुळं यात्रेत मेंढीच्या लोकरीचं मशीन मिळतं. त्याच्या खालच्या फणीचे दात लांब, टोकदार आणि एकमेकांपासून लांब असतात. ते गाईच्या कातडीला, विशेषतः घडीच्या जागी, चटकन कापतं. गुरांसाठी सरळ, जवळजवळ दातांची पाती असतात. ती वेगळी मिळतात. भादरण्याआधी खराऱ्यानं अंग नीट झाडून घ्या, शेणाच्या पापडीवर पातं बोथट होतं आणि मग केस कापण्याऐवजी ओढतं. गाय लाथ मारते ती बहुतेक वेळा या ओढण्यामुळं किंवा तापलेल्या पात्यामुळं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघा, चटका बसला तर थांबा, तेल द्या. आणि आधीचे दोन-तीन दिवस गव्हाणीत पेंड टाकली की शेजारी नुसतं मशीन चालू करून ठेवा. आवाज आणि पेंड यांची सांगड बसली की निम्मं काम झालं.

विजेच्या बाबतीत मी हात जोडून सांगतो. गोठ्याचा कोबा ओला असतो आणि गाय माणसापेक्षा कमी व्होल्टेजच्या झटक्यानंही मरते. वायर पायाखालून नको, वरून घ्या. सॉकेटला अर्थिंग आहे का आणि झटका बसला की लाईन तोडणारं ईएलसीबी बसवलंय का, हे वायरमनकडून बघून घ्या. बॅटरीवर चालणारं मशीन असेल तर उत्तमच.

पट्ट्यापेक्षा जास्त गरजेच्या दोन जागा दिराच्या व्हिडिओत होत्या की नाही मला माहीत नाही, पण धारा काढणाऱ्या बाईला त्यांचं मोल लगेच कळेल. कास आणि शेपटीचा गोंडा. कासेवर आणि मांड्यांच्या आत लांब केस असले की त्यांना शेणाचे गोळे लागतात, धुतले तरी पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी सडावरून थेट तुमच्या बादलीत उतरतं. दगडी, म्हणजे कासेची सूज, होण्याचं एक कारण ही घाण. कासेवरचे केस आखूड केले की दोन मिनिटांत कास कोरडी पुसून होते. हे पाचही गाईंना आताच, पौषातच करा, थंडीशी त्याचा काही संबंध नाही. जिचा पट्टाही काढायचाय तिच्या कासेला मशीन शेवटी लावा, पाठीपासून सुरुवात करा, म्हणजे गाय बुजत नाही. कास भरलेली असताना करू नका, धार झाल्यावर करा. परदेशात कासेचे केस गॅसच्या ज्योतीनं जाळायची रीत आहे, दिरानं तेही बघितलं असेल. कडबा, पाचट आणि गोणपाट असलेल्या आपल्या गोठ्यात ते करायचं नाही, विषय संपला.

गोंडा मात्र छाटायचा, पूर्ण उडवायचा नाही. शेपटीचं हाड कुठं संपतं ते बोटांनी चाचपा आणि त्याच्या खाली चार बोटं केस ठेवून बाकीचे कातरा. शेणात लोळणारं टोक जातं, आणि माशा हाकायला तिचं हत्यार तिच्याकडं राहतं. कापलेले सगळे केस गोळा करून जाळा किंवा पुरा. वासरं ते चाटतात आणि पोटात केसांचे गोळे होतात.

आता मामंजींचं. म्हशी पाडव्याला भादरल्या आणि गाईला मात्र नाही म्हणतात, यात तुम्हाला विसंगती दिसली. मला त्यात अनुभव दिसतो. दिवाळी पाडव्याला आपल्याकडं म्हशी भादरतात, धुतात, शिंगं रंगवतात, पिसं-गोंडे बांधून मिरवतात. सांगली-कोल्हापूरकडं तर त्या दिवशी म्हशी पळवायला गाव लोटतं. त्या सणात व्यवहारही आहे. चार महिने पावसात, चिखलात राहून म्हशीच्या अंगावर उवा आणि घाण साठलेली असते. पाऊस उघडलेला असतो आणि कडक थंडीला अजून महिना-दीड महिना अवकाश असतो. तेवढ्यात केस बोटभर परत येतात. म्हणजे विलायतेतला शेतकरी गुरं आत घेताना जे करतो, ते आपले लोक कार्तिकाच्या पहिल्या दिवशी करत आलेत. मामंजींचा आक्षेप भादरण्याला नाही, पौषाला आहे, आणि पौषाबद्दल त्यांचं बरोबर आहे. हे दिराला तुम्ही सांगितलंत तर वडिलांशी बोलायला त्याला वाट मिळेल.

म्हशींना आता पुन्हा मशीन लावू नका. म्हशीच्या अंगावर आधीच केस विरळ, तिला एचएफइतकी थंडी सोसत नाही. उलट दुपारच्या उन्हात काळी कातडी लवकर तापते आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. तिला रात्री वाऱ्याचा आडोसा आणि कोरडी जागा, दुपारी पाणी, एवढं पुरे. एक गोष्ट बघून ठेवा. पाडव्यानंतर आलेले केस काळेभोर आहेत की तांबूस? मुऱ्हाचे केस तांबूस, राठ येत असतील तर तांब्याची कमतरता असू शकते. संकरित गाईच्या काळ्या ठिपक्यांचा रंग भुरकट होत असेल तरी तेच. हंगामात ऊसतोड सुरू झाली की गावोगाव वाढ्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, गुरं काढतात, तुमच्याकडंही तसं असेल तर लक्षात ठेवा, वाढ्यातलं ऑक्झॅलेट चाऱ्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतं. खनिज मिश्रण रोजच्या खुराकात असू द्या. आणि ज्या गाईचे केस उन्हाळा आला तरी गळत नाहीत, उभे, निस्तेज राहतात, तिला मशीनची गरज नाही. तिचं शेण तपासून घ्या, बहुतेक वेळा जंत निघतात. वारंवार असं होत असेल तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेऊन दाखवायला हरकत नाही, ते तुमच्याच सातारा जिल्ह्यात आहे.

दिराच्या मशीनचा खरा मोसम पुढं आहे. थंडी शिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत जाते असं आपण म्हणतो. त्या सुमाराला साताऱ्यात दुपारचा पारा तिशी ओलांडतो आणि एचएफ गाय २५-२६ च्या वर गेलं की तापायला लागते. हाशहुश करते, चारा कमी खाते, दूध तुटतं. हिवाळी केस अजून अंगावर असलेली गाय तेव्हा पूर्ण भादरली तर घाम वाळायला वाट मिळते आणि धाप कमी होते. तेव्हा पाठ, कुशी, मान सगळं काढा, पण केस पाच-सहा मिलिमीटर ठेवूनच. एचएफच्या पांढऱ्या ठिपक्यांखालची कातडी गुलाबी असते, तिथं गुळगुळीत केलं तर उन्हानं भाजते. बांधावरच्या घाणेरीच्या झुडपाचा पाला खाल्लेल्या गुराला तर ऊन आणखीच बाधतं, तेवढं सांभाळा. भादरलेल्या गाईला सावली आणि पाणी दुपारभर पाहिजे. ते नसेल तर भादरू नका.

तोवर रोज दहा मिनिटं खरारा. मानेपासून मागं, केसांच्या दिशेनं. मेलेले केस निघतात, रक्त फिरतं, उवा-गोचीड वेळेत दिसतात, आणि गाय तुमच्या हाताला ओळखते. हे काम मामंजींना द्या. नव्या मशीनला त्यांचा विरोध आहे, पण जनावराच्या अंगावरून हात फिरवायला ते नाही म्हणणार नाहीत. पहाटेची पाठ तुम्ही बघा, मशीनची पाती दीर सांभाळेल. आठ दिवसांनी पाचही गाईंच्या पाठी कशा लागल्या, ते मला लिहून कळवा. आणि वासरांच्या खोकल्याचं डॉक्टर काय म्हणाले, ते त्याआधी.